मनाई हुकुमांतून दिसणारे बायझंटाइन घर, बाजार आणि गाव

आपला प्रश्न असा आहे की बायझंटाइन साम्राज्यावरचे कोणतेही पुस्तक उघडले तर सम्राट, राजवाड्यातील कारस्थाने, सोनेरी मोझेइक आणि धर्मशास्त्रातील वाद एवढेच वाचायला मिळते; मग त्या राज्यातील सामान्य माणूस काय खात होता, कुठे राहत होता, कशावर पोट भरत होता, त्याच्या जगण्यावर राज्याचा आणि चर्चचा अंमल खरोखर किती होता, आणि या सगळ्याशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा काही संबंध येतो का? या काळाचा अभ्यास आणि अध्यापन करताना हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

आधी कालमर्यादा ठरवून घेऊ. 330 साली पूर्व रोमन म्हणजेच बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) हिची विधिवत स्थापना झाली आणि 1453 मध्ये ते ऑटोमन तुर्कांनी जिंकले. या अकराशे वर्षांत तिथले लोक ग्रीक बोलत असले तरी स्वतःला रोमनच म्हणवत होते. एवढ्या मोठ्या काळाचे 'दैनंदिन जीवन' एका दमात सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून मी मुख्यतः नववे ते बारावे शतक आणि त्यातही राजधानी डोळ्यांसमोर ठेवतो. आधीचे आणि राजधानीबाहेरचे गरजेपुरते घेतो.

दुसरी अडचण साधनांची आहे. दरबारातील माणसांनी भरपूर लिहून ठेवले, पण पाव भाजणाऱ्याने किंवा लोकर पिंजणाऱ्या बाईने स्वतःबद्दल काही लिहिलेले नाही. तरीही त्यांचे जग हाती लागते, आणि ते प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिखाणातून: मनाई हुकूम आणि तक्रारी. जी गोष्ट कोणी करतच नाही तिच्यावर बंदी घालण्याचे कष्ट सरकार घेत नाही. आणि ज्याला रोज शेजाऱ्याचा त्रास होतो तोच घराचे बारीक वर्णन करतो. नियम म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार असे मात्र समजू नये. बंदीमुळे माणसे काय करत होती हे कळते, ती बंदी पाळली गेली की नाही हे कळत नाही.

अशा साधनांत सर्वांत मोलाचे म्हणजे 'एपार्कचा ग्रंथ' या नावाने ओळखले जाणारे नियमांचे संकलन. एपार्क म्हणजे राजधानीचा नगराधिपती. बाजार, मापे, भाव, तुरुंग हे सगळे त्याच्या हाताखाली असे. सम्राट लिओ सहावा याच्या राजवटीच्या अखेरीशी, म्हणजे 912 च्या सुमाराशी, हा ग्रंथ जोडला जातो. त्याचे हस्तलिखित जिनिव्हात सापडले आणि 1893 साली प्रसिद्ध झाले. त्यात शहरातील व्यावसायिकांच्या श्रेणींसाठी एकेक प्रकरण आहे: करार लिहिणारे लेखनिक, सोनार, सराफ, रेशमाचे अनेक प्रकारचे व्यापारी, अत्तरवाले, मेणबत्तीवाले, साबणवाले, किराणा विकणारे, खाटीक, मासेविक्रेते, पाववाले, मद्यगृहवाले.

किराणा विकणाऱ्यांचे प्रकरण पाहा. इतर बहुतेक धंद्यांना ठराविक जागा नेमून दिलेल्या होत्या. किराणावाल्याला मात्र शहरात कुठेही, चौकात किंवा गल्लीत, दुकान थाटण्याची मुभा होती, कारण नित्य लागणाऱ्या वस्तू लोकांना जवळ मिळाव्यात अशी अपेक्षा होती. त्याच्या दुकानात खारवलेले मासे, मांस, चीज, मध, तेल, कडधान्ये, लोणी, डांबर, मातीची भांडी आणि खिळेसुद्धा असत. आपल्याकडच्या जुन्या वाण्याच्या दुकानात गूळ आणि खिळे शेजारी शेजारी मिळत, तसाच हा प्रकार. पण अत्तरवाल्याचा, साबणवाल्याचा किंवा मद्यगृहवाल्याचा माल त्याने विकायचा नाही. नफ्याची मर्यादाही ठरलेली होती: एका नोमिस्मामागे दोन मिलियारेसिया. नोमिस्मा हे सोन्याचे नाणे. एका रोमन पौंडात 72 नाणी पाडली जात, आणि एका नाण्याचे 12 मिलियारेसिया किंवा 24 केरातिया होत. म्हणजे वाण्याने एक षष्ठांश नफा घ्यावा, त्याहून जास्त घेतल्यास फटके, मुंडण आणि हद्दपारी.

पाववाल्यांचे नियम याहून बारकाईने लिहिलेले आहेत आणि त्यावरून सरकारला खरी भीती कशाची वाटत होती ते समजते. एका नोमिस्माच्या गव्हामागे पाववाल्याला एक केरातियॉन (केरातियाचे एकवचन) नफा आणि दोन मिलियारेसिया खर्चासाठी घेता येत. हा खर्च म्हणजे मजूर, जाते ओढणारी जनावरे, भट्टीचे सरपण आणि दिवाबत्ती. पाववाल्याला आणि त्याच्या जनावरांना कोणत्याही सरकारी वेठीस धरायचे नाही, असे स्पष्ट कलम आहे, कारण पाव भाजण्यात एक दिवसाचाही खंड पडता कामा नये. भट्ट्या वस्तीच्या घरांखाली नसाव्यात, कारण आगीची भीती. गव्हाचा भाव बदलला की पाववाल्याने नगराधिपतीच्या साहाय्यकाकडे जायचे आणि नव्या भावाप्रमाणे पावाचे वजन ठरवून घ्यायचे.

पावाची ही काळजी जुनी होती. नवी राजधानी वसवताना सम्राट कॉन्स्टँटाइनने 332 पासून रोजच्या मोफत पावाची सोय केली होती. त्या वाटपाचा आकडा 80,000 असा मिळतो. त्यासाठीचा गहू मुख्यतः इजिप्तमधून जहाजांनी येई. सातव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इराणी फौजा इजिप्तवर चालून गेल्या आणि 618 मध्ये सम्राट हेराक्लियसला मोफत पाव बंद करावा लागला. त्यानंतर राजधानीचे पोट थ्रेस (पश्चिमेकडचा लगतचा प्रांत), बिथिनिया (समोरचा आशियाई किनारा) आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर अवलंबून राहिले. अकराव्या शतकात, मायकेल सातवा सम्राट असताना, त्याचा मंत्री निकेफोरित्झेस याने रायदेस्तोस बंदरात धान्याची सरकारी वखार काढली आणि खुली विक्री बंद केली. भाव चढले. एका नोमिस्माला मिळणाऱ्या गव्हाच्या मापात चतुर्थांश हिस्सा कमी येऊ लागला आणि लोकांनी सम्राटालाच 'पारापिनाकेस', म्हणजे चतुर्थांश माप कमी देणारा, असे नाव ठेवले. पुढे रायदेस्तोसच्या लोकांनी बंड करून ती वखार पाडून टाकली. ही हकिगत सांगणारा इतिहासकार मायकेल अत्तालियातेस याची स्वतःची मालमत्ता रायदेस्तोसमध्ये होती, हे ध्यानात ठेवून त्याचा संताप वाचावा. परंतु टोपणनाव त्याने निर्माण केलेले नाही. ते त्या सम्राटाला इतिहासात कायमचे चिकटले आहे.

मासे हा शहराचा दुसरा आधार होता. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून ट्यूनाच्या जातीच्या माशांचे थवे ऋतूप्रमाणे ये-जा करतात आणि शहर त्या वाटेवरच वसलेले आहे. मासेविक्रेत्यांच्या प्रमुखांनी रोज पहाटे रात्रीच्या पकडीची वर्दी नगराधिपतीला द्यायची, त्यावरून त्या दिवसाचा भाव ठरायचा. ताजे मासे विक्रेत्याने खारवून ठेवायचे नाहीत आणि बाहेरच्यांना विकायचे नाहीत. उरलेला माल नासण्याची वेळ आली तरच त्यातून सूट. मद्यगृहांना रविवारी आणि मोठ्या सणांना दिवसाच्या दुसऱ्या तासापूर्वी उघडता येत नसे. येथे तास सूर्योदयापासून मोजलेला आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण सकाळचे आठ. रात्री दुसऱ्या तासाला चूल विझवून दार लावायचे. कारणही दिलेले आहे: दिवसभर पिऊन बसलेली माणसे रात्री पुन्हा आत येऊ शकली तर मारामाऱ्या होतात. हे वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने अशी एखादी रात्र निस्तरली असणार, असे मला नेहमी वाटते.

आता पानात काय पडत असे ते पाहू. गव्हाचा पांढरा पाव श्रीमंतांचा, कोंडा मिसळलेला गरिबांचा, आणि सैनिक, प्रवासी व भिक्षूंसाठी दोनदा भाजून कडक केलेला, महिनोन्‌महिने टिकणारा पाव. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की पुढे सम्राट झालेला जस्टिन तरुणपणी आपल्या दोन सोबत्यांबरोबर गावाकडून पायी राजधानीला निघाला तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या झग्यांत असे कडक पाव बांधलेले होते आणि दुसरे काही नव्हते. पावाबरोबर ऑलिव्हचे तेल, कांदा, लसूण, कोबी, डाळी, चीज, अंडी आणि पाणी मिसळलेली वाइन. मासे मिठात आंबवून तयार केलेले 'गारोस' हे पातळ कालवण रोमन काळापासून चालत आले होते आणि ते जवळपास सगळ्या पदार्थांवर ओतले जाई.

परदेशी माणसाला हे जेवण कसे लागले याची एक प्रसिद्ध तक्रार आहे. जर्मन सम्राट ओटो पहिला याचा वकील म्हणून क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड 968 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आला. डांबर, राळ आणि जिप्सम मिसळलेली वाइन पिववत नाही, जेवण तेलाने आणि माशाच्या कालवणाने निथळत असते, असे तो लिहितो. सम्राट निकेफोरस फोकास याने एकदा स्वतःच्या ताटातील करडू त्याला सन्मानाने पाठवले. लसूण, कांदा आणि लीक भरलेले, आणि वर तेच कालवण. लिउटप्रांडचा राग समजून घेतला पाहिजे. ज्या विवाहसंबंधाची बोलणी करायला तो आला होता ती फिसकटली, आणि परत निघताना त्याने विकत घेतलेली जांभळी रेशमी वस्त्रे अधिकाऱ्यांनी काढून घेतली, कारण त्या प्रतीचे रेशीम देशाबाहेर नेण्यास मनाई होती. अपमान झालेल्या वकिलाची साक्ष म्हणून ती वाचावी, पण करडाच्या पोटात काय भरले होते याबद्दल खोटे बोलण्याचे त्याला काही कारण नव्हते.

देशी तक्रारींत बाराव्या शतकातील 'प्तोखोप्रोद्रोमोस' या नावाखाली आलेली बोलभाषेतील काव्ये वाचनीय आहेत. त्यांतला गरीब विद्वान म्हणतो की बापाने मला शिकवले, आणि आता फडताळ उघडून पाव शोधायला जावे तर हाती लागतात कागद. शेजारचा चांभार मात्र सकाळी उठून पोराला आतडी आणि चीज आणायला पाठवतो. दुसऱ्या काव्यात मठातील कनिष्ठ भिक्षू वरिष्ठांच्या पानातील निरनिराळ्या माशांचे तोंडाला पाणी सुटेल असे वर्णन करतो आणि आपल्या वाट्याला 'पवित्र सार' येते असे सांगतो, म्हणजे कांदे घालून उकळलेले पाणी आणि वर तेलाचे मोजके थेंब. कवी विनोद करतो आहे आणि संरक्षकाकडून पैसेही मागतो आहे, तेव्हा अतिशयोक्ती धरून चालावे. तरी उपवासाचे महत्त्व त्यातून कळते. बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे दीर्घ उपवासपर्व यांमुळे वर्षाच्या मोठ्या भागात मांस, दूध, अंडी वर्ज्य असत आणि स्वयंपाकघराचे वेळापत्रक चर्चच्या दिनदर्शिकेवर चाले. चर्चचा अंमल सर्वांत घट्ट कुठे होता असे मला विचारले, तर मी चुलीकडे बोट दाखवीन.

घरांची माहितीही तक्रारीतूनच मिळते. बाराव्या शतकातील विद्वान योआनेस त्झेत्झेस एका तिमजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर भाड्याने राहत होता. त्याच्या पत्राप्रमाणे वरच्या मजल्यावर एक धर्मोपदेशक, त्याची पुष्कळ मुले आणि डुकरे. खालच्या मजल्यावर एक शेतकरी आणि त्याचे गवत. वरून मुलांचे आणि डुकरांचे मूत्र ओघळते आणि खाली आग लागण्याची भीती, अशा कात्रीत आपण सापडलो आहोत, असे तो लिहितो. विद्वत्तेचा तोरा मिरवणाऱ्या या गृहस्थाच्या एका पत्राने जेवढे नगरजीवन कळते तेवढे राजवाड्याच्या दहा वर्णनांनी कळत नाही: शहरात जनावरे होती, शेती करणारे राहत होते, आणि वेगवेगळ्या स्थितीची माणसे एकाच जिन्यावरून चढउतार करत होती. अशी दाटी आधीपासूनच होती, म्हणून पाचव्या शतकात सम्राट झेनोने नवी घरे बांधताना मध्ये 12 फुटांची मोकळी जागा सोडण्याचा आणि शेजाऱ्याला दिसणारा समुद्र न झाकण्याचा कायदा केला होता.

पाणी ही या शहराची दुखरी बाजू. गोड्या पाण्याचा मोठा स्रोत शहरात नाही. चौथ्या शतकात सम्राट व्हॅलेन्सच्या काळी थ्रेसच्या डोंगरांतून जलवाहिनी आणली गेली आणि जमिनीखालील प्रचंड टाक्यांत पाणी साठवले जाऊ लागले. आजही पाहता येणाऱ्या बासिलिका टाकीत 336 खांब आहेत. 626 च्या वेढ्यात आवार टोळ्यांनी जलवाहिनी तोडली. ती दुरुस्त व्हायला 766 साल उजाडले, तेही मोठा दुष्काळ पडला म्हणून. सम्राट कॉन्स्टँटाइन पाचवा याने आशिया मायनर आणि पोंतोसमधून 1,000 गवंडी व 200 गिलावा करणारे, ग्रीस व बेटांवरून 500 मातीकाम करणारे, आणि थ्रेसमधून 5,000 मजूर व 200 वीटकर आणवले, असा तपशील इतिहासकार थेओफानेस देतो. मधल्या 140 वर्षांत ही जलवाहिनी बंद असूनही शहराचे भागत होते, यावरूनच त्या काळात लोकसंख्या किती रोडावली असेल याची कल्पना येते. 541-542 मध्ये आलेल्या आणि पुढे दोन शतके पुनःपुन्हा उद्भवलेल्या प्लेगचा त्यात मोठा वाटा होता.

स्नानाविषयी एक गमतीची आठवण नोंदलेली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी सिसिनियस नावाचा एक बिशप रोज दोनदा स्नानगृहात जाई. धर्मगुरूला दोनदा स्नान कशाला हवे, असे कोणी विचारल्यावर तो म्हणाला, तिसऱ्यांदा जमत नाही म्हणून. रोमन पद्धतीची भव्य सार्वजनिक स्नानगृहे पुढे कमी झाली, पण लहान स्नानगृहे, मठांची आणि दानधर्माची स्नानगृहे चालूच राहिली. 1136 मध्ये सम्राट योआनेस दुसरा याने पांतोक्रातोर मठाला जोडून काढलेल्या रुग्णालयाच्या नियमावलीत रुग्णांना आठवड्यातून दोनदा स्नान घालावे असे म्हटले आहे. त्या रुग्णालयात 50 खाटा होत्या: 10 जखमा व मोडलेल्या हाडांसाठी, 8 डोळ्यांच्या व पोटाच्या विकारांसाठी, 12 स्त्रियांसाठी आणि बाकीच्या इतर रुग्णांसाठी. वैद्य एक महिना काम आणि एक महिना सुटी अशा पाळीने येत. स्त्रियांच्या कक्षात एक स्त्री वैद्यही नेमलेली होती, आणि तिचा पगार पुरुष वैद्यांपेक्षा कमी होता.

येथून स्त्रियांच्या आयुष्याकडे वळणे सोपे आहे. अकराव्या शतकातील निवृत्त सेनाधिकारी केकाउमेनोस आपल्या मुलांना उपदेश करताना लिहितो की मुलींना गुन्हेगारांसारखे कोंडून ठेवा, आणि मित्राला घरी उतरवून घेऊ नका, तो तुमच्या बायकोवर डोळा ठेवील. अनेक लेखक हे वाक्य उचलून बायझंटाइन स्त्री पडद्यात होती असा निर्वाळा देतात. मला हा निष्कर्ष उतावीळ वाटतो. प्रांतातल्या एका संशयी म्हाताऱ्याचा हा उपदेश आहे. सगळ्यांच्या मुली कोंडलेल्याच असत्या तर त्याला तो लिहावा लागला नसता. कायदा पाहिला तर आठव्या शतकातील 'एक्लोगा' या संहितेत विवाहाचे किमान वय मुलीसाठी 13 आणि मुलासाठी 15 आहे, विवाहाला दोघांची आणि आईवडिलांची संमती लागते, हुंड्यावर पत्नीचा हक्क राहतो, आणि विधवेने पुनर्विवाह केला नाही तर घर, मालमत्ता आणि मुले तिच्या ताब्यात राहतात. बाजारात भाजी विकणाऱ्या, मद्यगृह चालवणाऱ्या, सुईणीचे काम करणाऱ्या बायका ठिकठिकाणी दिसतात. हातमाग तर घराघरांत होता.

सूतकताई आणि विणकाम करणाऱ्या बायकांचा राजधानीत एक स्वतंत्र सण होता. मायकेल प्सेलोस या अकराव्या शतकातील तत्त्वज्ञाने त्यावर छोटे टिपण लिहिले आहे. 'अगाथे' नावाचा हा सण 12 मे रोजी, म्हणजे शहराच्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी येई. लोकर पिंजणाऱ्या, सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका मिरवणुकीने निघत, गात आणि नाचत. त्याच प्सेलोसने आपल्या मुलीवर लिहिलेले शोकभाषण या काळातील सर्वांत जिवंत लिखाणांपैकी आहे. स्तिलियानी लग्नाच्या वयाची होण्याआधीच देवीसारख्या पुरळाच्या रोगाने गेली. तिचा दिवस वाचन आणि विणकाम यांत कसा वाटलेला होता, ती प्रार्थनेला कशी उभी राही, आजारात तिच्या अंगाची काय दशा झाली, हे सगळे तो सांगतो. दरबारात मुरलेल्या, शब्दांच्या कसरतीत रमणाऱ्या या माणसाचा बापपणा इथे लपत नाही.

चर्चने लोकांच्या मौजमजेवर किती लगाम घातला, हा आपल्या प्रश्नाचा पुढचा भाग. 692 च्या सुमारास राजवाड्याच्या घुमटाच्या दालनात भरलेल्या धर्मसभेचे नियम इथे उपयोगी पडतात. बासष्टावा नियम जानेवारीच्या आरंभीचा कालेंडे, हिवाळ्यातील ब्रुमालिया हे जुने सण साजरे करू नयेत, स्त्रियांनी चव्हाट्यावर नाचू नये, पुरुषांनी बायकांचे आणि बायकांनी पुरुषांचे कपडे घालू नयेत, मुखवटे चढवू नयेत, आणि द्राक्षे तुडवताना डायोनिसस या जुन्या ग्रीक मद्यदेवाच्या नावाचा पुकारा करू नये असे बजावतो. पासष्टावा नियम अमावास्येनंतर घरासमोर आग पेटवून तिच्यावरून उड्या मारण्यास मनाई करतो. ख्रिस्ती धर्म राजधर्म होऊन तीन शतके लोटली होती, आणि द्राक्षमळ्यातील गडी अजून डायोनिससला हाका मारत होते. या बंदीचा परिणाम काय झाला? दहाव्या शतकात ब्रुमालिया खुद्द राजवाड्यात साजरा होत होता. रोमानोस पहिला याने तो बंद केला आणि कॉन्स्टँटाइन सातवा याने तो पुन्हा सुरू करून त्याची रीत दरबारी ग्रंथात नोंदवून ठेवली.

रथांच्या शर्यतींचे काय, हे वाचक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. सहाव्या शतकात हिप्पोड्रोम, म्हणजे शर्यतींचे मैदान, हे शहराचे हृदय होते, शर्यतीतील निळ्या आणि हिरव्या गटांचे वेड टोकाला गेले होते, आणि 532 च्या निका दंगलीत प्रोकोपियसच्या म्हणण्याप्रमाणे 30,000 हून अधिक माणसे मैदानातच मारली गेली. पण दहाव्या शतकापर्यंत शर्यती वर्षातील मोजक्या दिवसांवर आल्या होत्या आणि ते गट सम्राटाचा ठरलेल्या शब्दांत जयजयकार करणारे पगारी मानकरी बनले होते.

साम्राज्यातील बहुसंख्य माणसे शहरात नव्हे, गावात राहत होती आणि त्यांच्यासाठी राज्य म्हणजे मुख्यतः करवसुली. सातव्या-आठव्या शतकांतील 'शेतकऱ्यांचा कायदा' हा 85 कलमांचा छोटा ग्रंथ गावाचे चित्र फार स्पष्टपणे उभे करतो. गुराख्याने सकाळी बैल चरायला नेला आणि लांडग्याने खाल्ला, तर त्याने मालकाला मढे दाखवावे, मग त्याच्यावर दोष नाही. कोणी बैलाच्या किंवा मेंढीच्या गळ्यातील घंटा चोरली तर त्याला फटके, आणि घंटेअभावी जनावर हरवले तर त्याची भरपाईही त्यानेच करायची. माझे सर्वांत आवडते कलम द्राक्षमळ्याचे आहे: कोणी दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यात किंवा अंजिराच्या बागेत खाण्यापुरते शिरले तर त्याला सोडून द्यावे, चोरून नेण्यासाठी शिरले तर फटके मारून अंगातला सदरा काढून घ्यावा.

गावाचा कर सामुदायिक असे. शेजारी जमीन टाकून पळाला तर त्याच्या कराचा भार उरलेल्यांवर पडे. त्यामुळे एका घराची दुर्दशा ही सगळ्या गावाची चिंता होती. 927-928 च्या हिवाळ्यात जमीन 120 दिवस गोठून राहिली, पुढे दुष्काळ पडला, आणि लहान शेतकऱ्यांनी धान्याच्या मोबदल्यात जमिनी बड्या लोकांना विकल्या. रोमानोस पहिला याने 934 मध्ये कायदा करून अशा जमिनी परत देण्याची तजवीज केली. नंतरच्या सम्राटांनी तेच कायदे फिरून फिरून काढले, यावरून त्यांची अंमलबजावणी किती होत होती ते ओळखावे. 1002 मध्ये बासिल दुसरा याने पळालेल्या गरिबांच्या कराचा बोजा थेट शेजारच्या बड्या जमीनदारांवर टाकला. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच तो नियम रद्द झाला.

शेवटी आपल्या किनाऱ्याबद्दल. सहाव्या शतकाच्या मध्याला कोस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची यादी आहे. त्यात 'कल्लियाना' हे नाव येते आणि बहुतेक अभ्यासक ते आपले कल्याण मानतात. तिथून तांबे किंवा पितळ, शिसवीचे लाकूड आणि कापड निर्यात होते आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असतो, असे तो सांगतो. मिरी मात्र त्याच्या मते 'माले', म्हणजे मलबारच्या बंदरांतून येते. सिंहलद्वीपच्या राजासमोर एका रोमन व्यापाऱ्याने आपले सोन्याचे नाणे आणि इराणी व्यापाऱ्याने आपले चांदीचे नाणे ठेवल्यावर राजाने रोमन सत्ता श्रेष्ठ ठरवली, ही त्याचीच गोष्ट. ती अर्थात एका रोमन प्रजाजनाने सांगितलेली आहे. सातव्या शतकात इजिप्त आणि तांबड्या समुद्राची वाट अरबांच्या हाती गेली आणि हा थेट संपर्क संपला, पण माल येत राहिला. एपार्कच्या ग्रंथात अत्तरवाल्यांच्या मालाची जी यादी आहे तिच्यात मिरी, दालचिनी, जटामांसी, कस्तुरी ही नावे आहेत, आणि त्यांची दुकाने राजवाड्याच्या खाल्की दरवाजावरील ख्रिस्तप्रतिमेपर्यंत ओळीने मांडावीत, म्हणजे सुवास त्या प्रतिमेपर्यंत जाईल, असा हुकूम आहे. हा माल आता काळ्या समुद्रावरील त्रेबिझोंद बंदराच्या बाजूने, अनेक हातांतून फिरून, राजधानीत पोहोचत होता. तो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी विकून तीन महिन्यांच्या आत शहर सोडायचे होते.